बाहेरून बी.ए.

आमच्याकडे पदवीला शेपूट असतं. 'मुलगी बी.ए. झाली' असं कुणी सांगितलं की समोरचा विचारतो, 'कॉलेजातून की बाहेरून?' उत्तर 'बाहेरून' आलं की तो म्हणतो, 'अच्छा, बाहेरून.' आणि विषय बदलतो. जे काही म्हणायचं असतं ते त्या 'अच्छा'मध्ये म्हणून झालेलं असतं.

माझी आई बाहेरून बी.ए. झाली. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती. बारावीनंतर लग्न, मग मी, मग बहीण, मग अंगणवाडी. पदवी असली तर पर्यवेक्षिकेच्या पदासाठी अर्ज करता येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. १९९६ साली, मी पहिलीत असताना, तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. इंग्रजीचा एक पेपर राहिला, त्यामुळे तीन वर्षांची पदवी चार वर्षांत झाली.

पुढे मी पुण्यात एम.ए.ला असताना एकदा मेसमध्ये घरच्यांच्या शिक्षणाचा विषय निघाला. कुणाची आई डॉक्टर, कुणाची बँकेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, 'बारावी.' 'बी.ए.' म्हटलं असतं तर तो पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

आता मी एका कॉलेजात इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढे पैसे. इतिहासवाल्याला एखादा शब्द टोचायला लागला की तो त्याचा जन्मदाखला काढायला जातो. 'बाहेरून' म्हणजे नेमकं कशाच्या बाहेरून?

*

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं. कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठंही त्याच वर्षीची. तिघांचा नमुना एकच होता, लंडन विद्यापीठ. आणि गंमत म्हणजे त्या काळचं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. शिकवणं हा कॉलेजांचा मामला. मुंबईनं हेच उचललं. १८६२ साली मुंबईचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठानं त्यांना फक्त तपासलं. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची स्पष्ट मुभा मिळाली ती १९०४ च्या कायद्यानं. म्हणजे पहिली सत्तेचाळीस वर्षं विद्यापीठाच्या दारातून पाहिलं तर रानडेंपासून सगळेच बाहेरचे.

एका बाबतीत मात्र मुंबईनं लंडनचं ऐकलं नाही. लंडननं १८५८ साली एक दार उघडलं. कुठल्याही कॉलेजात नाव न घालता, घरी अभ्यास करून, कुणीही परीक्षेला बसावं. त्याला किती येतं ते आम्ही पाहू, ते त्यानं कुठून मिळवलं हे विचारणार नाही. मुंबईत तसं नव्हतं. इथं संलग्न कॉलेजात 'टर्म' भरावी लागे. एकोणिसाव्या शतकातली मराठी चरित्रं वाचली असतील तर टर्म भरणं आणि टर्म बुडणं हे शब्द तुमच्या ओळखीचे असतील. आज तुम्हाला हजेरी ७५ टक्के नाही म्हणून नोटीस येते ना, ती नोटीस त्या टर्मची नात आहे. आपली भाषाच पाहा. आपण वर्गात बसतो, परीक्षेला बसतो, शिकायलाही कुणासमोर 'बसतो'. शिकण्याचं क्रियापद आपण बसण्याला कधीच देऊन टाकलंय.

लंडनच्या त्या दारातून पुढे जगभरचे लोक गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका विद्यापीठानं तर १९४६ पासून शिकवणंच टपालानं सुरू केलं. १९८९ साली त्याची कायद्याची पदवी मिळवणाऱ्यांत एक विद्यार्थी होता नेल्सन मंडेला. तेव्हा तो तुरुंगात होता. आत असलेल्या माणसानं बाहेरून पदवी घेतली. मला हे वाक्य लिहायला फार आवडतं, वर्गात दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी दोनतीनच जण हसतात.

आपल्याकडे 'बाहेर'चा दुसराही एक अर्थ आहे, मान्यतेच्या बाहेर. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, आणि मातृभाषेतून शिकवायचं ठरवलं. सरकारी विद्यापीठांत तेव्हा सगळं इंग्रजीत. या विद्यापीठाला, म्हणजे आजच्या एसएनडीटीला, वैधानिक मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. मधली पस्तीस वर्षं तिथल्या मुलींच्या पदवीकडे कुणी कोणत्या सुरात 'अच्छा' म्हणत असेल, याची कल्पना मी करू शकतो.

*

पण आज आपण ज्या अर्थानं 'बाहेरून' म्हणतो, त्याची सुरुवात बरीच अलीकडची आहे. १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. स्वातंत्र्यानंतर कॉलेजांवर गर्दी लोटली होती, इमारती आणि प्राध्यापक तेवढ्या वेगानं वाढत नव्हते. मग ज्यांना जागा नाही त्यांना टपालानं नोट्स पाठवायच्या. १९७१ पर्यंत मुंबई विद्यापीठातही दूरशिक्षणाचा विभाग निघाला होता. माझ्या मते त्या 'अच्छा'चं मूळ इथं आहे. कल्पना वाईट नव्हती, पण ती जन्माला आली उरलेल्यांसाठी. रांगेत मागे राहिलेल्याला देण्यात येणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिला रांगेचा वास येतो. आणि पाकिटात काय असायचं? बहुतेक वेळा वर्गातलंच व्याख्यान, टाइप केलेलं. विद्यार्थ्यानं ते वाचलं का, कुठं अडलं, हे त्या पाकिटाला परत येऊन सांगता येत नव्हतं.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या डोक्यात 'हवेतलं विद्यापीठ' होतं. रेडिओ-टीव्हीवरून शिकवणारं, कामगारालाही पदवी देणारं. विरोधी पक्षातल्या इयन मॅक्लाउड यांनी ती कल्पना शुद्ध मूर्खपणा म्हणून उडवून लावली. जेनी ली नावाच्या मंत्रीणबाई, खाणकामगाराची मुलगी, हट्टाला पेटल्या आणि १९६९ साली विद्यापीठाला सनद मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थ्यांनिशी ते सुरू झालं. तोवर नाव बदललं होतं. 'हवेतलं'ऐवजी 'मुक्त'.

नावातला हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. बीबीसीवर पहाटे लागणारी व्याख्यानं लोकांच्या लक्षात राहिली, त्यातल्या प्राध्यापकांच्या दाढ्यांवर आणि रुंद कॉलरींवर विनोद झाले. पण विद्यापीठ टीव्हीवर चाललं नव्हतं. ते चाललं होतं टपालातून येणाऱ्या, खास घरी वाचण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांवर, आणि त्याहून जास्त, ठिकठिकाणी नेमलेल्या अर्धवेळ शिक्षकांवर. विद्यार्थी निबंध लिहून पाठवायचा, हा शिक्षक तो वाचून त्यावर लिहायचा आणि परत पाठवायचा. अभ्यासकेंद्रावर भेट व्हायची, उन्हाळ्यात आठवडाभराचं निवासी शिबिर. म्हणजे दूरशिक्षणानं पाकिटाला परतीचं तिकीट लावलं, आणि ते वाचणाऱ्या माणसाला पैसे दिले.

आपण त्यातलं आधी काय उचललं? टीव्ही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम इन्सॅट-१बी उपग्रहामार्फत दूरदर्शनवर देशभर दिसू लागले. लहान गावातल्या कॉलेजच्या मुलांना मोठ्या शहरातले शिक्षक मिळावेत, असा हेतू. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रानंही त्यासाठी कार्यक्रम बनवले, त्यातले काही खरोखर सुंदर होते. पण वेळ दुपारची आणि भाषा मुख्यतः इंग्रजी. ज्याच्यासाठी केलं तो मुलगा दुपारी एकतर कॉलेजात असायचा नाहीतर शेतात, आणि त्याच्या घरी टीव्ही असेलच असं नाही. नंतर ज्ञानदर्शन वाहिनी आली (२०००), शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा स्वतंत्र उपग्रहच सोडला (२००४). आकाशातून खाली येणाऱ्या वाटा आपण भरपूर बांधल्या.

*

सुदैवानं दुसरी बाजूही उचलली गेली. हैदराबादला १९८२ साली देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, दिल्लीला १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ, परिसराचं नाव 'ज्ञानगंगोत्री', बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. या सगळ्या गंगा एका बाजूला ठेवल्या तरी एक धाडसी गोष्ट उरते. दहावी-बारावीची पायरी न चढलेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला येता येत होतं. लंडनच्या १८५८ च्या दारापेक्षा हे दार खाली होतं, वाकावं लागत नव्हतं.

आईची पुस्तकं मी परवा पुन्हा काढली. कडेला रुंद मोकळी जागा. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं: हा भाग वाचून झाल्यावर तुम्हाला काय सांगता यायला हवं. मध्येच थांबवून विचारलेले छोटे प्रश्न, उत्तरं शेवटी. आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्याला 'तुम्ही'. मी आजवर वाचलेल्या कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांत विद्यार्थी नसतोच, फक्त विषय असतो. आईला मी विचारलं, तुला तेव्हा काय आवडलं होतं यात? ती म्हणाली, 'पुस्तक अहो-जाहो करायचं.'

रविवारी सकाळी साडेसातच्या एस.टी.नं ती तालुक्याच्या कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर जायची. बहीण आजीकडे राहायची, मी आईबरोबर. मागच्या बाकावर बसून पाठकोऱ्या कागदांवर ट्रॅक्टर काढायचे, हा माझा अभ्यासक्रम. वर्गात एक हवालदार होते, एक एस.टी. कंडक्टर, दोन प्राथमिक शिक्षिका, एक किराणा दुकानदार आणि एक माहेरी परतलेल्या ताई, ज्या कुणाशीच बोलायच्या नाहीत पण सगळ्यांना बडीशेप द्यायच्या. शिकवणाऱ्यांना म्हणायचं संमंत्रक. शब्द जड आहे, पण विचार करून निवडलेला असावा. सल्ला-मसलत करणारा. हे सर आठवडाभर त्याच कॉलेजात शिकवत आणि रविवारी इकडे. आई सांगते, पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, 'पुस्तकात आहे ते मी वाचून दाखवणार नाही. अडलंय कुठं ते सांगा.' त्यावर दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं विचारलंच नव्हतं. मग कंडक्टर म्हणाले, 'सर, सुरुवातीलाच अडलंय.'

तिचे गृहपाठ तिनं जपून ठेवलेत. त्यातला एक १९७२ च्या दुष्काळावरचा. पहिली दोन पानं पुस्तकातली: पाऊस, पीक, स्थलांतर, रोजगार हमीची सुरुवात. पुढची दोन पानं वेगळीच आहेत. आईची आई, म्हणजे माझी आजी, त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सहा वर्षांची आई तिच्याबरोबर जायची. खडीच्या ढिगाचं माप कसं घेत, सुकडी कुणाला किती मिळे, तांबड्या मिलोच्या भाकरीला कसा वास यायचा आणि ती थापताना कशी तुटायची, हे सगळं तिनं लिहिलंय. शेवटी समासात लाल शाई: 'ही दोन पानं पुस्तकात नाहीत. कुठून आणलीत? रविवारी सांगा.'

ते वाचून ती घाबरली. चूक झाली असं तिला वाटलं. त्या रविवारी जायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, पण मला सोबत्यांची बडीशेप हवी होती म्हणून मी रडलो (हे तिचं म्हणणं, मला काहीच आठवत नाही). ती गेली. सरांनी तिला उभं करून ती दोन पानं वाचायला लावली. वाचून झाल्यावर कंडक्टर म्हणाले, आमचे वडील तर त्या वर्षी बैल घेऊन निघून गेले होते. मग हवालदार बोलले. मग बडीशेपवाल्या ताईही. दोन तास गेले आणि त्या दिवशीचा घटक राहून गेला.

गृहपाठाला गुण पडले वीसपैकी तेरा. सर कडक होते.

पर्यवेक्षिका ती झाली नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा यादीत नाव आलं नाही. सेविका म्हणूनच निवृत्त झाली.

*

या शतकात गोष्टी झपाट्यानं झाल्या, मीही झपाट्यानं सांगतो. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटीनं जाहीर केलं की आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर फुकट देणार. जग थक्क झालं. पण त्यांनी पदवी फुकट दिली नव्हती, आणि प्राध्यापकाच्या दारावर टकटक करण्याचा हक्कही नाही. व्याख्यान ही विद्यापीठातली सगळ्यात कमी किमतीची गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखलं होतं असं मला वाटतं. आपल्याकडे आयआयटींनी मिळून एनपीटेल काढलं, आणि त्याची यूट्यूबवरची व्याख्यानं पाहून पास झालेले इंजिनियर तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असतील. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन शिक्षकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सगळ्या जगाला खुला केला. १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं, शेवटपर्यंत पोचले त्यातले वीस हजारांहून थोडे जास्त. पुढच्या वर्षी पेपरांत 'कॉलेजचा शेवट जवळ आला' छापाचे लेख येत होते. ९ जुलै २०१७ ला आपलं 'स्वयम्' आलं, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करून त्यांचे क्रेडिट आपल्या पदवीत धरता येतात. म्हणजे आता नियमित पदवीतही थोडं 'बाहेरून' असू शकतं. पण त्याला आपण बाहेरून म्हणत नाही, ऑनलाइन म्हणतो.

आणि मग मार्च २०२० आला.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ६३ मुलं होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, तेव्हा त्या ६३ चं काय होणार ते गणित सोपं होतं. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायचो. अकरा यायचे, कधी सतरा. काळ्या चौकोनांतल्या पांढऱ्या अक्षरांशी मी प्लासीच्या लढाईबद्दल बोलायचो. रोज हजेरीचा स्क्रीनशॉट पाठवायचा असा आदेश होता. टर्म भरून घेणं चालू होतं, १८५७ पासून अखंड.

एक मुलगी मात्र रोज असायची. पहिली येणार, शेवटी जाणार. बोलायची नाही, पण असायची. माझ्या डोक्यात ती वर्गातली सगळ्यात मन लावणारी विद्यार्थिनी होती. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं पुन्हा उघडली, तेव्हा ती स्टाफरूमच्या दारात आली. म्हणाली, 'सर, एक सांगायचंय, रागवू नका. मी फोन पिशवीत ठेवून कांदे खुरपायला जायचे. पिशवी बांधावर असायची.'

मी विचारलं, 'मग काही ऐकू यायचं का?'

'वाफा संपवून बांधाजवळ आले की यायचं. प्लासी ऐकलीय सर. बक्सारच्या वेळी मी पलीकडच्या टोकाला होते.'

हसावं की काय करावं ते मला कळेना. पण बक्सार मी तिला तिथंच, दारात, उभ्यानं सांगितली.

त्याच्या आधी, जानेवारी २०२१ मध्ये, स्वतःच्या आवाजाला कंटाळून मी एक गोष्ट केली होती. ग्रुपवर लिहिलं: लॉकडाऊनमधला तुमच्या घरातला एक दिवस, तारखेसह, एक पान, हातानं लिहा आणि फोटो पाठवा. इतिहासाचं साधन म्हणून. व्याख्यानाला अकरा येत होते. पानं आली ४१. नेटवर्क रात्री अकराला येऊ दे की पहाटे चारला, फोटो जातो. एकाच्या बापाची पुण्यातली रंगकामाची मजुरी गेली होती. एकीनं फक्त घरातल्या पाच जणांत एक फोन कसा फिरतो याचं वेळापत्रक लिहिलं होतं, आणि त्यात तिचा नंबर शेवटचा होता. मी रात्री फोनच्या स्क्रीनवर बोटानं लाल रेघा ओढून, दोन-दोन ओळी लिहून परत पाठवायचो. 'हे कुठल्या तारखेला?' 'मुकादमानं नक्की काय सांगितलं, आठवतंय का?' चार दिवसांत त्यातल्या बऱ्याच जणांचं दुसरं पान आलं. मागितलेलं नव्हतं.

कांद्यावाल्या मुलीचं पान त्यात होतं. पण खुरपण्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. हजेरी जाईल या भीतीनं.

या वाचण्याचे मला पैसे मिळाले नाहीत, आणि मिळण्याची सोयही नाही. तासिका तत्त्वात तास मोजतात. पान वाचणं हा तास नाही. मी काळ्या चौकोनांसमोर एकटा बोललो ते बिलात धरलं गेलं. १९७१ साली इंग्लंडात ज्या कामासाठी माणसं नेमली होती, ते काम आमच्या बिलाच्या नमुन्यात रकाना म्हणून अस्तित्वातच नाही. तक्रार म्हणून नाही सांगत. म्हणजे, तक्रार म्हणूनही सांगतोय.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षांचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, तुमच्यातले काही त्याच बॅचचे असतील. राज्याला त्या रद्द करायच्या होत्या, आयोगाला घ्यायच्या होत्या. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही. मग बहुपर्यायी प्रश्न, घरबसल्या, फोनवर. लगेच 'कोविड बॅच' हा शब्द आला. नोकरीच्या मुलाखतीत पदवीचं साल पाहून समोरच्यानं 'अच्छा, कोविड बॅच' म्हटल्याचं माझ्या तीन विद्यार्थ्यांनी मला सांगितलंय. तो सूर मी लगेच ओळखला. नियमित कॉलेजात फी भरून, नाव घालून, ही मुलं एका रात्रीत बाहेरून झाली होती.

*

या वर्षी तालुक्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारचा संमंत्रक म्हणून मला विचारलं. यादीत सत्तावीस नावं. पहिल्या रविवारी चार जण आले. ग्रुपवर बाकीच्यांचा प्रश्न होता, 'सर, येणं कंपल्सरी आहे का?' गृहपाठही आले, पण त्यातले नऊ शब्दाला शब्द सारखे, खाडाखोडीसकट. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, फक्त आपल्या अक्षरात उतरवायचे. एकाला तर मूळ कागदावर दुकानदारानं लिहिलेली किंमतही उत्तराचा भाग वाटली होती.

आलेल्या चारांत एक पन्नाशीच्या बाई आहेत, आशा स्वयंसेविका. मी विचारलं, अडलंय कुठं? त्या वहीत पाहत राहिल्या. बाकीचे तिघं फोनमध्ये.

घरी येऊन हे आईला सांगितलं. नऊ सारख्या गृहपाठांचं तिला काही वाटलं नाही. 'आमच्यातल्या दुकानदारानंही माझाच उतरवला होता एकदा,' ती म्हणाली. 'सरांनी त्याला विचारलं, तुमची आई खडी फोडायला कुठं जायची?'

मग थोड्या वेळानं म्हणाली, 'मी येऊ का पुढच्या रविवारी?'

'तू कशाला?'

'मागच्या बाकावर बसेन. तू बसायचास तशी.'

मी म्हटलं, साडेसातची एस.टी. कधीच बंद झालीय, आता आठ दहाची आहे आणि तिचाही भरवसा नाही.

'मग गाडीवर ने,' ती म्हणाली, आणि त्या बाईंना बहात्तरचं काही आठवतंय का ते विचार म्हणून सांगून आत गेली.